नोंद ‘कायम’ कोणी करायची?

१९९४ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. खान्देशातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी तेव्हा बारनिशीला बसत होतो. बारनिशी म्हणजे आलेल्या कागदावर आवक क्रमांक टाकण्याची जागा. दुपारी चारच्या सुमाराला पन्नाशीतली एक बाई खिडकीशी आली. पदराच्या गाठीतून तिने चार घड्या घातलेला कागद काढला. शाळेच्या वहीचं पान होतं, डाव्या कडेला शिवणीची भोकं, अक्षर कुणा लहान पोराचं. वडील वारले, शेतावर दोघा भावांचीच नावं चढत आहेत, आम्ही दोघी बहिणीही त्यांच्याच लेकी, आमची हरकत आहे. एवढाच मजकूर. खाली अंगठा, शाई थोडी फिसकटलेली.

तलाठ्याने कागद घेतला नाही म्हणून ती एसटीने तालुक्याला आली होती. मी अव्वल कारकुनांकडे पाहिलं. त्यांनी जागेवरूनच सांगितलं, “साधा कागद आहे, कोर्ट-फीचं तिकीट नाही, कोणाला उद्देशून तेही नाही. आवक करू नको.” मी कागद परत दिला. ती म्हणाली, “दादा, मना हाऊ कागद दप्तरमा ऱ्हाऊ द्या.” मी म्हटलं, मावशी, रीतसर अर्ज लिहून आणा. ती पुन्हा आली नाही.

२०११ साली तिच्या मुलीने माहिती अधिकारात अर्ज केला. आईने दिलेल्या हरकतीची प्रत हवी होती. तोवर मी अभिलेख कक्षात गेलो होतो, त्यामुळे फेरफाराचे कागद मीच काढले. गाव नमुना ६, म्हणजे फेरफारांची वही, तिच्यातली नोंद स्वच्छ होती. नोटीस बजावल्याचा शेरा होता, ‘मुदतीत हरकत आली नाही’ असं लिहिलेलं होतं, नोंद प्रमाणित होती. विवादग्रस्त प्रकरणांची वही, म्हणजे नमुना ६-अ, मागवून पाहिली. तिच्यात काही नव्हतं. उत्तराचा मसुदा मी केला: ‘सदर हरकत अर्ज अभिलेखावर आढळून येत नाही.’ माहिती अधिकाऱ्यांनी सही केली, उत्तर गेलं.

त्या उत्तरात एक शब्द खोटा नव्हता. कागद अभिलेखावर नव्हताच, कारण सतरा वर्षांपूर्वी मीच तो अभिलेखावर येऊ दिला नव्हता. आणि तो नाही, असा दाखलाही मीच दिला.

हे आज लिहायचं कारण माझ्या मनाला लागलेली टोचणी एवढंच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५० मी नोकरीत असताना नीट वाचलं नव्हतं, निवृत्तीनंतर वाचलं. फेरफारावर हरकत तोंडी आली किंवा लेखी आली, तरी तिचा तपशील विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत लिहिणं हे तलाठ्याचं कर्तव्य आहे, आणि हरकत घेणाऱ्याला तिथल्या तिथे लेखी पोच द्यायची आहे. तोंडीसुद्धा. म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या नजरेत त्या बाईचं नुसतं बोलणं पुरेसं होतं. वहीचं पान, तिकीट, उद्देशून, यातलं काहीच लागत नव्हतं. नोंद कशाला म्हणायचं हे कायद्याने उदारपणे ठरवलं होतं, कचेरीच्या सवयीने ते खिडकीतच आवळून टाकलं.

कायद्यांचं हे औदार्य आपल्याकडे जागोजाग दिसतं. माहिती अधिकार अधिनियम २००५ मध्ये अभिलेखाची व्याख्या करताना कोणताही दस्तऐवज, हस्तलिखित, फाइल, मायक्रोफिल्म, प्रतिमेची नक्कल आणि संगणकाने तयार केलेलं इतर कोणतंही साहित्य, असं सगळं घेतलं आहे. माहितीच्या व्याख्येत ईमेल, अभिप्राय, लॉगबुक, नमुनेसुद्धा आहेत. आपल्या राज्यात २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे, आणि नियम मोडून अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही त्यात आहे. संस्थांच्या अभिलेख-व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५४८९, हेही नोंदीची ओळख कामावरून करतं. एखादं काम करताना किंवा कायद्याचं बंधन पाळताना जी माहिती तयार झाली, आली आणि पुरावा म्हणून सांभाळली, ती नोंद. कागद, शिक्का, नमुना असली अट तिथे कुठेच नाही.

मग अडतं कुठे? अडतं ते ‘सांभाळली’ या शब्दावर. सांभाळायचं की नाही हे एक माणूस ठरवतो, आणि बहुतेक वेळा तो कागद ज्याच्याकडे बोट दाखवणार असतो तोच हा माणूस असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्याला कागदाचा जाब द्यावा लागेल त्याच्या एकट्याच्या हातात तो कागद नोंद आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार राहता कामा नये. ज्याचा हक्क, पाणी, जमीन, पगार, दाखला त्या कागदाशी बांधलेला आहे, त्यालाही त्या ठरवण्यात बसवलं पाहिजे.

याचं मोल किती मोठं आहे ते न्यायालयांच्या निकालांत कळतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की माहिती अधिकाराखाली जी माहिती कार्यालयाकडे आहे तीच द्यायची असते, नसलेली तयार करून द्यायचं बंधन नाही. नियम म्हणून हे वाजवी आहे. त्याचा दुसरा अर्थ मात्र ध्यानात घ्या. जे खिडकीशी अडवलं, ते नागरिकापुरतं घडलंच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, की फाइल सापडत नाही ही माहिती नाकारण्याची सबब होऊ शकत नाही, ती शोधायला हवी, जबाबदारी ठरवायला हवी. हरवलेल्या फाइलला निदान हा आधार आहे. जन्मालाच न आलेल्या फाइलला कुणीच वाली नाही.

आपल्या मराठी मुलखात ही अडचण पूर्वीच्या लोकांना चांगली ठाऊक होती. वतनाचा, शिवेचा, पाटीलकीचा वाद आला की वतनदार-बलुतेदारांची गोतसभा बसायची आणि निर्णयाचा महजर, म्हणजे लेखी निवाडा, व्हायचा. त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या असत. पाटलाचा नांगर, इतर बलुतेदारांची आपापल्या धंद्याची अवजारं. लिहिता न येणाऱ्यालाही ‘हे माझ्यासमोर ठरलं’ म्हणायची सोय होती. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होते. गोतसभेत बायका बसत नव्हत्या, आणि जातीची उतरंड तिथेही होतीच. ती व्यवस्था परत आणा, असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट तिला उमगली होती, की नोंद ज्यांना बांधणार आहे त्यांच्यासमोर ती झाली पाहिजे.

तिची एक खूण अजून आपल्या प्रत्येक सभेत शिल्लक आहे. ग्रामसभा असो, पतसंस्थेची वार्षिक सभा असो की गणेश मंडळाची बैठक, विषयपत्रिकेवर विषय क्रमांक एक ठरलेला: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ सचिवाने लिहिलं म्हणून ते इतिवृत्त होत नाही, सभासदांनी ऐकून मान्य केलं की मग ते कायम. किती नेमकी कल्पना आहे ही! आणि आपण तिचं काय केलं? अध्यक्ष म्हणतात, “वाचून कायम,” पहिल्या रांगेतले चार जण म्हणतात, “कायम, कायम,” आणि विषय दोनला सुरुवात होते. वाचलेलं काहीच नसतं. जळगाव जिल्ह्यात पतसंस्था अडचणीत आल्या तेव्हा मुलीच्या लग्नाची, म्हातारपणाची ठेव अडकलेले लोक हातात पावत्या घेऊन दारोदार फिरले. त्यांच्यापैकी कितीकांनी सभांना हजेरी लावली असेल आणि ‘कायम’ म्हटलं असेल, हा विचार मनात आला की मला अजून अस्वस्थ वाटतं.

धुळ्याला राहणाऱ्यांना इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव नवं नाही. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले, आणि १९२७ साली त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून त्यांनी दप्तरं जमा केली. त्यांच्या कामाचा धडा ‘सगळं जपून ठेवा’ असा आहे, असं आपण समजतो. मला त्यात वेगळंच दिसतं. राजवाड्यांना जे मिळालं त्यातलं पुष्कळसं सरकारी दप्तरखान्याबाहेर होतं, घराघरांत होतं. ज्यांना त्या कागदाची गरज होती, ज्यांचा हक्क त्याच्यावर टेकला होता, त्यांनी रुमालात बांधून पिढ्यान्‌पिढ्या जपलं. जपणारा कोण, हा प्रश्न त्या काळीही होता.

तोच प्रश्न सातपुड्यात आजही तितकाच जिवंत आहे. धडगाव, अक्कलकुवा भागातली आदिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर शेती करत आली. वनखात्याच्या लेखी ते अतिक्रमण होतं, म्हणून दंड व्हायचा, दंडाची पावती मिळायची. ती पावती कित्येकांनी पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत आढ्याला टांगून ठेवली. मग २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो, हे दाखवायची वेळ आली, तेव्हा ज्या कागदाने त्यांना गुन्हेगार ठरवलं होतं, तोच कागद हक्काचा दाखला झाला. मी स्वतः एका म्हाताऱ्या बाबाच्या हातात अशी पावती पाहिली आहे. घडीवर फाटलेली, सेलोटेपने जोडलेली, रक्कम पुसट, तारीख मात्र ठसठशीत. कचेरीतली तिची स्थळप्रत मुदत संपली म्हणून नष्ट झाली असेल, तर त्या बाबाच्या पेटीतला कागद हाच उरलेला एकमेव अभिलेख.

या कायद्याचे नियम मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला धीर येतो. नियम १३ मध्ये पुरावा म्हणून काय काय धरलं आहे पाहा. सरकारी कागद तर आहेतच. शिवाय घर, झोपडी, जमिनीवर घातलेले बांध, केलेली सपाटी, छोटे बंधारे. आणि दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवून घेतलेलं कथन. २०१२ च्या दुरुस्तीने हेही सांगितलं, की उपग्रहाची छायाचित्रं पूरक म्हणून वापरा, इतर पुराव्याच्या जागी त्यांना बसवू नका. दगडाचा बांध नोंद होऊ शकतो, म्हाताऱ्याची आठवण नोंद होऊ शकते, आणि त्यांची पहिली छाननी ग्रामसभेत, सर्वांसमोर होते. ज्यांच्याकडे कागद कधी पोहोचलाच नव्हता, त्यांच्या बाजूने विचार करून कुणीतरी हे लिहिलं. अंमलबजावणीत याची किती आबाळ झाली ते सातपुड्यातले लोक सांगतील. पण रस्ता दिसतो आहे.

कागदाचं अंतर हाही नोंदीचा भाग असतो, हे आम्हा खान्देशातल्या लोकांना चांगलं माहीत आहे. १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. प्रत्येक वाटणीत माणसं एका बाजूला आणि त्यांचे काही कागद दुसऱ्या बाजूला राहिले. जुन्या कागदासाठी डोंगरातून उतरून नंदुरबार आणि तिथून धुळ्याची एसटी धरणारे लोक मी पाहिले आहेत. दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि खिडकीवर कळतं, उद्या या.

आता फोनकडे येतो, कारण पुढची लढाई तिथे आहे.

अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर लागतो. आमच्या भागातल्या एका गावात टँकर विहिरीत ओतला जायचा आणि किती खेपा झाल्या ते लॉगबुकात लिहिलं जायचं. एका मे महिन्याचं ते लॉगबुक मला पाहायला मिळालं. रोज दोन खेपा, एकतीस दिवस, एकही खाडा नाही. सह्या सगळ्या एकाच पेनाच्या, एकाच दाबाच्या, आणि शाईचा निळा रंग पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत जरासुद्धा बदललेला नाही. ज्याने आयुष्यभर वह्या हाताळल्या त्याला कळतं, की हे एका बैठकीत लिहिलेलं आहे. त्याच महिन्याचा गावातल्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप पाहिला. नऊ तारीख, सकाळी सहा चाळीस: ‘आज पण टँकर नाही.’ सोबत विहिरीचा फोटो, तळाला हंड्याएवढं गढूळ पाणी. बारा तारीख, पुन्हा. सतरा तारीख, आवाजी निरोप, मागे रिकाम्या भांड्यांचा आवाज. ग्रुपमध्ये कचेरीचा माणूसही होता. त्याने एकदा अंगठ्याची खूणही टाकली होती.

यातली नोंद कोणती? कचेरीला विचाराल तर लॉगबुक. त्याला नमुना आहे, पानाला क्रमांक आहे, सही-शिक्का आहे, बिल त्याच्यावर निघतं. मघाशी म्हटलेल्या मानकात चांगल्या नोंदीचे चार गुण सांगितले आहेत. ती अस्सल असावी, विश्वासार्ह असावी, तिच्यात गुपचूप बदल झालेला नसावा, आणि ती वापरता यावी. लॉगबुक अस्सल आहे, म्हणजे ज्याने लिहायचं त्यानेच लिहिलं आहे. पण विश्वासार्ह असण्यासाठी ती नोंद घटना घडताना किंवा लगेच नंतर, घटना पाहणाऱ्याने केलेली हवी. त्या कसोटीवर लॉगबुक पडतं आणि बायकांचा निरोप उभा राहतो. तरीही उद्या कुणी माहिती मागितली तर उत्तर येईल, टँकर न आल्याबाबतची तक्रार अभिलेखावर आढळून येत नाही.

कुणी म्हणेल, मग त्या बायकांनी फोन घेऊन कोर्टात जावं. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि त्यात इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात चालते हे खरं. पण कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात तज्ज्ञाचा भाग आहे, फाइल बदललेली नाही हे दाखवणारा हॅश नावाचा आकडा द्यावा लागतो. पाण्यासाठी पहाटे उठणाऱ्या बाईने हे करावं, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? जुन्या कायद्याखालचं आपल्याच राज्यातलं एक उदाहरण आहे. जालन्यातल्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले गेले का, हा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रीकरण होतं, ते निवडणूक यंत्रणेनेच केलेलं होतं. फिर्यादींनी प्रमाणपत्र वारंवार मागितलं, अधिकाऱ्यांनी दिलं नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की असं प्रमाणपत्र आवश्यकच आहे, मात्र ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं आणि समोरच्याने दिलं नाही, त्याला त्यापायी अडवता येणार नाही. त्या फिर्यादींमागे वकील होते, पैसा होता. आपल्या गावातल्या ग्रुपमागे काय आहे?

म्हणून हा प्रश्न कोर्टात जाईपर्यंत थांबूच नये. निरोप आला त्या दिवशीच तो आवक वहीत चढायला हवा. एक ओळ पुरते: तारीख, वेळ, कोणी कळवलं, काय कळवलं. आणि क्रमांक त्याच ग्रुपवर परत टाकायचा. फोनवरचं काही आम्ही धरत नाही, असं म्हणायला सरकारला आता जागा उरलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या फोनवरून बांधावर उभा राहून कपाशीचा, केळीचा फोटो पाठवतो आणि त्यावरून सातबाऱ्यावर पीक चढतं. सरकारला हवी ती माहिती शेतकऱ्याच्या फोनवरून नोंद होऊ शकते, तर शेतकऱ्याला सांगायची ती तक्रारही त्याच फोनवरून नोंद झाली पाहिजे.

ही मागणी मी फक्त नागरिकांसाठी करत नाही. खालच्या कर्मचाऱ्याला याची गरज तितकीच आहे. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामपंचायतीचा अधिकारी, शाळेचा मुख्याध्यापक, यांना आज निम्मे आदेश ग्रुपवर येतात. ‘अमुक करा, अहवाल संध्याकाळपर्यंत.’ तो करतो. सहा महिन्यांनी चौकशी लागते, तेव्हा वरचा निरोप पुसलेला असतो आणि खालची सही तशीच राहिलेली असते. माझ्या ओळखीच्या दोन-तीन भल्या माणसांची उमेदीची वर्षं अशा चौकशीत गेली. ज्या निरोपावरून पैसा हलला, कुणाचं नाव चढलं वा उतरलं, कुणाला कामावर पाठवलं किंवा काढलं, तो निरोप नोंद आहे, मग तो कुणाच्याही खासगी फोनवर असो. सणाच्या शुभेच्छा, जेवणाचं आमंत्रण, वाढदिवसाचे केक यांचा नोंदीशी संबंध नाही, आणि ते वेगळं काढायला फार मोठी अक्कल लागत नाही.

माझे जुने सहकारी यावर चिडतात, आणि त्यांचं चिडणं अगदी बिनबुडाचं नाही. म्हणतात, माणसं नाहीत, एकेका सजाला, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीला, पाच-पाच गावं, त्यात प्रत्येक निरोप लिहीत बसलो तर काम कधी करू? सगळंच नोंद धरलं तर कपाटं फुटतील आणि हवं ते सापडणार नाही. दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. गोण्या भरून रद्दी मी स्वतः नियमाने नष्ट केली आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. वेळेवर नष्ट करणं हा दप्तर सांभाळण्याचाच भाग आहे. आपल्याकडे त्याची चांगली रीत आहे: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, ‘ड’ एक वर्ष. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे असतात, त्यांत एक गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायचा आणि एक नष्ट करायचा असतोच.

पण वर्गवारी करताना मी वर्षानुवर्षं जे पाहिलं ते सांगतो. अंतिम आदेश ‘अ’ मध्ये जातो. त्या आदेशाआधी कोणी काय म्हटलं होतं, ते सुटे जबाब, साध्या कागदावरच्या हरकती, परत आलेली नोटीस, कुणाचं तरी ‘मला मान्य नाही’, हे खालच्या वर्गात ढकललं जातं आणि लवकर संपतं. पन्नास वर्षांनी त्या फाइलमधून असं दिसतं, की निर्णय झाला आणि सगळे राजी होते. वर्ग ठरवणाऱ्याने एकच प्रश्न स्वतःला विचारला असता तरी पुष्कळ वाचलं असतं: या कागदात कुणाचा नकार आहे का? असेल तर तो आदेशाइतकीच वर्षं राहिला पाहिजे. आणि नष्ट करायच्या कागदांची यादी महिनाभर आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. ज्याला आपलं काही त्यात दिसेल तो येऊन सांगेल. यादी न लावता एकही गठ्ठा कचेरीबाहेर पडू नये.

कोणता कागद पुढे कुणाच्या कामाला येईल हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही, याचा अनुभव आपण अलीकडेच घेतला. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींसाठी जुनी कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं उघडली गेली, मोडी वाचणारे शोधावे लागले. कोतवालाने फक्त गावातले जन्म-मृत्यू लिहायचे म्हणून लिहिले होते. आमच्याकडे अनुसूचित जमातीची पडताळणी करायची तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, आणि पुष्कळदा तो आजोबाचं नाव शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेल्या एका शब्दात असतो. कुणा मुलीचा वैद्यकीय प्रवेश त्या एका शब्दावर लोंबकळत असतो. ते रजिस्टर वाळवीने खाल्लं असेल तर मुख्याध्यापक खांदे उडवून मोकळे होतात, मुलीला ते करता येत नाही. यावरून ‘सगळंच ठेवा’ असा अर्थ मी काढत नाही. ज्यांच्या कामाला ते येणार आहे त्यांना विचारा, एवढाच काढतो.

राहिला माणसं नसण्याचा मुद्दा. तो खरा आहे आणि त्यासाठी भरती व्हायलाच हवी. पण त्या बाईचा कागद घ्यायला मला १९९४ साली अर्धा मिनिट लागला असता. परत द्यायला त्याहून जास्त वेळ लागला.

गेल्या वर्षी १५ ऑगस्टला त्याच टँकरवाल्या गावात ग्रामसभेला गेलो होतो. सरपंचांनी पहिला विषय पुकारला, “मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम.” दोघे-तिघे म्हणाले, “कायम.” मागच्या चटईवरून एक बाई उठली आणि म्हणाली, वाचून म्हणता ना, मग वाचा. थोडी कुजबुज झाली. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने वही उघडली आणि वाचू लागला. सहा ठराव वाचून झाले. तिने विचारलं, टँकरचं आम्ही बोललो होतो, ते कुठे आहे? ते नव्हतं. सरपंच म्हणाले, ती चर्चा होती, ठराव नव्हता. ती खाली बसली नाही. तिच्या बाजूच्या बायका उठल्या, मग दोन-तीन पुरुष उठले. दहा-बारा मिनिटं तेच चाललं. शेवटी त्या अधिकाऱ्याने पेन काढलं आणि इतिवृत्ताखाली उरलेल्या जागेत लिहिलं, ‘मे महिन्यात नऊ, बारा व सतरा तारखेस टँकर आला नाही, अशी महिलांनी मागील सभेत तक्रार केली होती.’ त्याने ते दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. मग वही चटईवर फिरली. खाली अकरा सह्या आणि दोन अंगठे पडले.